पहिलं वाक्य राहिलं

सलूनवाल्याने मागे आरसा धरला आणि "बघा साहेब" म्हणाला. एरवी तो न बघताच "छान" म्हणून मोकळा झाला असता. केस कापून घेताना चष्मा काढून ठेवावा लागे, आणि चष्म्याशिवाय समोरच्या आरशात त्याला नुसता एक धूसर गोळा दिसे. त्या गोळ्याला छान म्हणायला त्याचं काय जात होतं? पण आज मध्येच खिशात मोबाइल थरथरला. कापडाखालून हात बाहेर काढून त्याने चष्मा चढवला आणि बायकोचा निरोप वाचला: येताना रुंद चिकटपट्टी आणा, खोक्याला लावायची आहे. कसलं खोकं, असा एक अर्धवट प्रश्न मनात आला न आला तोच मागे आरसा आला, आणि चष्मा नाकावरच राहिल्यामुळे त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची मान स्वच्छ दिसली. मधोमध विरळ झालेले केस, त्यांतून दिसणारी टाळू, बाहेरच्या अंगाला जरा जास्तच झुकलेला उजवा कान, मानेवरची आडवी घडी, आणि त्या घडीच्या वर, केस संपतात तिथे, नखाएवढा पांढरा ओरखडा. "साहेब, बरोबर आहे ना?" सलूनवाल्याने विचारलं. ही मान त्याने मागच्या रविवारी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, चारचौघांसमोर उभं राहून तिची सालटी काढली होती.

तसा तो ओरखडा त्याला माहीत होता, पण ऐकून. लहानपणी झोपाळ्यावरून पडलास, पत्रा लागला, केवढं रक्त आलं, असं आई सांगायची आणि मानेवर बोट टेकवून जागा दाखवायची. बोटाला तिथे काही लागत नसे, त्यामुळे ती खूण म्हणजे आईची एक गोष्ट होती, इतकंच. छायाचित्र मंडळाच्या फळीवर लावलेल्या त्या काळ्यापांढऱ्या फोटोत तीच खूण दिसली तेव्हा त्याने खिशातलं पेन काढून ती सगळ्यांना दाखवली होती. "आणि हा पांढरा ओरखडा बघा मानेवर. छापताना आलेला दोष आहे. साफ करून घ्यायला काय हरकत होती? फोटो लोकांपुढे ठेवण्याआधी निदान धूळ तरी झटकावी." लोक हसले होते. तो बोलायला लागला की लोक हसतातच, म्हणून त्यालाही बरं वाटलं होतं. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्याला ते हसणं पुन्हा ऐकू आलं, आणि त्यातले काही आवाज नेहमीसारखे नव्हते हे लक्षात आलं. दातांचे डॉक्टर हसलेच नव्हते. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला होता. डॉक्टर दर बैठकीत त्याच्या अगदी मागच्या खुर्चीवर बसत, आणि तो स्वतः दर बैठकीत पहिल्या रांगेत, मधोमध. म्हणजे डॉक्टरांनी ही मान वर्षानुवर्षं पाहिली होती. डॉक्टरांनीच का, त्या खोलीतल्या प्रत्येकाने पाहिली होती. सगळ्यांनी ओळखली. न ओळखणारा एकटाच होता, आणि तोच उभा राहून बोलत होता. कुणी कॉलर धरून सलूनमधून बाहेर काढलं असतं तरी त्याला इतकी लाज वाटली नसती.

मंडळाची एक रीत होती. ती बँकवाल्या बाईंनी, म्हणजे निवृत्त झाल्यापासून मंडळ सांभाळणाऱ्या अध्यक्षबाईंनी, पाडली होती. फोटो नाव न लावता फळीवर टाचायचे. ज्याची पाळी असेल त्याने प्रत्येक फोटोवर तीन वाक्यं बोलायची: पहिल्या वाक्यात फोटोत काय साधलंय ते, दुसऱ्यात काय साधलं नाही, तिसऱ्यात पुढे काय करून बघावं. मग फोटो काढणाऱ्याने हात वर करायचा, आभार मानायचे, वाद घालायचा नाही. वाटलं तर हातही वर करू नये, नंतर येऊन गुपचूप फोटो घेऊन जावा. "माणूस सुधारावा म्हणून बोलतोय आपण, पळून जावा म्हणून नाही," असं बाई म्हणत, आणि म्हणताना बहुधा त्याच्याकडेच बघत. कारण त्याचं दुसरं वाक्य प्रसिद्ध होतं. त्याला मंडळात कात्री म्हणत. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन त्याच्या पिशवीत कायम असत, ते फोटोवर ठेवून, पुढेमागे सरकवून, नको तो भाग झाकून तो म्हणे, "इथून कापा." बगळ्यामागचं झाड कापा, पोरीच्या डोक्यावरचं आभाळ कापा, आजोबांचा हात कापा. आणि बरेचदा ते बरोबरही असे, ही त्यातली वाईट गोष्ट. कापल्यावर फोटो उभा राही, लोक अरे वा म्हणत, आणि तो काटकोन पिशवीत टाकून पहिल्या रांगेत जाऊन बसे. कामावरही त्याला हेच करायचे पैसे मिळत. औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात भिंग लावून रंग कुठे सरकलाय, अक्षर कुठे फुटलंय ते हुडकायचं आणि गठ्ठ्यावर लाल खूण करायची. चांगल्या खोक्यावर कुणी कसली खूण करत नाही. चांगलं ते सरळ पुढे जातं. इतकी वर्षं डोळ्यांना हेच वळण लागल्यावर पहिलं वाक्य सुचायला वेळ लागणारच, असं तो गमतीने म्हणायचा.

त्या दिवशी तर त्याने पहिलं वाक्य चक्क टाळलं होतं. फोटो तसा साधा होता. काळोख, त्यात उजेडाच्या कडेने उमटलेलं एका माणसाचं पाठमोरं डोकं आणि खांदे. समोर कसला तरी प्रकाश, त्यात माणूस बुडालेला. डावीकडचा अर्धा फोटो नुसता काळा, आणि त्या काळ्यात खाली एक पांढरी बारीक कमान, नखाच्या कोरीसारखी. "पहिलं वाक्य मला सापडत नाही, तेव्हा आपण सरळ दुसऱ्याकडे जाऊ," तो म्हणाला होता. हशा. "व्यक्तिचित्र म्हणून आलंय हे. पण यात व्यक्ती कुठे आहे? या माणसाला फोटो काढणाऱ्याशी काही देणंघेणं नाही, आणि खरं सांगायचं तर फोटो काढणाऱ्यालाही तो फारसा आवडत नसावा. आवडत असता तर पुढे जाऊन तोंड बघितलं असतं. का पुढून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, कोण जाणे." पुन्हा हशा, जरा कमी. मग त्याने काटकोन काढले, डावी बाजू झाकली आणि म्हणाला, "हा काळोख कापा. आणि हा पांढरा ठिपका. कशाचा आहे देव जाणे, पण डोळा सारखा तिकडे जातो. हा गेला तर निदान डोकं तरी उरेल." बँकवाल्या बाई म्हणाल्या, "बरं, पुरे. पुढचा घेऊ या." पण त्याची जीभ सैल सुटली होती. कुणाचा हात वर झाला नाही हे बघून तो म्हणाला, "फोटोतल्या माणसासारखी फोटो काढणाऱ्यानेही पाठ फिरवलेली दिसते." एवढं म्हणून तो मागे वळला होता आणि शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसलेल्या बायकोकडे बघून हसला होता. ती सहसा मंडळात येत नसे. त्या दिवशी जिना उतरताना "थांबा, आज मीही येते" म्हणाली होती. ती कामाला जाते ते पडद्यांचं दुकान वाटेवर आहे, तिथे जायचं असेल, असं त्याने धरलं. तो हसला तेव्हा तीही हसली होती. तिचं ते हसणं आठवून खुर्चीत त्याने डोळे मिटले.

"साहेब, मालिश करू का डोक्याला?" सलूनवाल्याने विचारलं. नको, असं तो म्हणाला, पैसे दिले आणि बाहेर आला. बाहेर शनिवारची दुपार होती, दुकानांच्या काचांवर ऊन होतं, आणि प्रत्येक काचेत तो पुढून दिसत होता: पोट जरा सुटलेला, चष्मेवाला, कारखान्यातला तपासनीस. पुढून तो स्वतःला पुरता ओळखत होता. मागून लोक चालत होते, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्याची मान दिसते आणि त्याला मात्र ती कधी दिसणार नाही. कॉलरमध्ये बारीक केस टोचत होते. त्याने कॉलर वर ओढून घेतली.

तो काळोख कुठला, हेही आता कळलं. घरातली मागची खोली. जेवणं झाली की तो तिथे दिवा न लावता संगणकापुढे बसतो, कारण दिव्याच्या उजेडात पडद्यावरचे रंग खोटे दिसतात. सकाळी तळ्यावर टिपलेले पक्षी एकेक करून बघतो, टाकून देतो, बघतो, टाकून देतो. समोरचा प्रकाश त्या पडद्याचा. बायको मागून चहा घेऊन येते आणि डावीकडे टेबलावर कप ठेवते. "हं, एक मिनिट," असं तो म्हणतो. एक मिनिट म्हणजे किती, हे त्याने कधी मोजलं नाही. चहावर साय धरते, मग ती ओठाला चिकटते, मग तो कुरकुरतो की आज चहा गारच आणलास. डावीकडे. पांढरी बारीक कमान. भर फुटपाथवर तो थांबला, मागचा माणूस त्याच्यावर आदळता आदळता वाचला. तो ठिपका कपाची कड होती. कप ठेवून ती मागे सरकली असेल, तो वळेल म्हणून दारात उभी राहिली असेल, आणि तो वळत नाही म्हटल्यावर त्याचाच जुना कॅमेरा आणून तिने तो टिपला असेल. त्याच्या पाठीमागे कळ दाबल्याचा आवाज झाला असणार. तळ्यावर गवतात पाखराने पंख हलवला तरी त्याचे कान टवकारत, आणि घरात, हाताच्या अंतरावर, त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

पूर्वी ती तळ्यावर यायची. चटई, थर्मास घेऊन, अंधार असतानाच. तो गवतात पालथा पडे आणि ती मागे बसून राही. बोलायचं नाही, हलायचं नाही, ओढणी फडफडू द्यायची नाही. एकदा तिला पाण्यापलीकडे काहीतरी दिसलं आणि "अगंबाई, ते बघा!" म्हणून तिने बोट केलं. खंड्या उडाला. तो तिला टाकून बोलला नव्हता, ओरडलाही नव्हता. घरी येईपर्यंत फक्त गप्प राहिला होता, आणि आपण किती समजूतदारपणे वागलो असं त्याला वाटलं होतं. त्यानंतर ती आली नाही. नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना त्याने तिला दिला, "शीक तू पण." ती शिकायला लागली. बहिणीच्या मुलीचे फोटो काढून आणले, गच्चीवरच्या कुंड्यांचे काढून आणले. त्याने जेवणाच्या ताटावरच एकेकावर बोट ठेवून सांगितलं: डोकं मधोमध आलंय, मागची दोरी दिसतेय, हात हललाय. "अहो, पण तिचं हसू बघा ना," ती म्हणाली होती. "हसू तिचं आहे, त्यात तुझं काय?" असं तो म्हणाला होता. याला तो मदत म्हणत असे. मग ती दाखवेनाशी झाली, आणि हौस फिटली असेल असं त्याने धरलं. पडद्यांच्या दुकानात ती दिवसभर उभी असते, लोकांच्या खिडक्या मापते, दमत असेल. मात्र स्वयंपाकघरातल्या विजेच्या खटक्यापाशी जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी अधूनमधून लाल दिवा लावून बसलेली त्याने पाहिली होती. पाहिली होती आणि मोबाइलसाठी ती काढून ठेवली होती.

रविवारी मंडळातून परतताना तिने विचारलं होतं, "पाठमोरा फोटो वाईटच असतो का हो?" त्यावर त्याने घर येईपर्यंत व्याख्यान झोडलं. ती हं हं करत होती. कुलूप उघडताना म्हणाली, "पहिलं वाक्य राहिलं तुमचं." आणि तो म्हणाला, "नव्हतंच, तर काय सांगणार?" हे आठवल्यावर त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरून त्याने रुंद चिकटपट्टी घेतली. निदान ती एक गोष्ट तरी सांगितल्याप्रमाणे करता येत होती.

दार तिनेच उघडलं. "कापले की बारीक," असं म्हणून ती आत वळली. जेवणाच्या टेबलावर एक खोकं होतं. त्यात जुना कॅमेरा, पट्टा गुंडाळून, बॅटरी वेगळी काढून, आणि भोवती पडद्यांच्या कापडाचे तुकडे कोंबलेले. "बहिणीकडे पाठवतेय," ती म्हणाली. "तिची लेक मागत होती. इथे पडूनच असतो. चिकटपट्टी आणलीत?" त्याने पिशवी पुढे केली.

"तो माझा फोटो होता," तो म्हणाला.

तिने वर बघितलं. "ओळखलात? कुठे?"

"सलूनमध्ये. त्याने मागे आरसा धरला."

ती हसली. खरंखुरं हसली, तोंडावर हात ठेवून, आणि त्याला वाटलं, हिने रागवावं, ताट आपटावं, काहीही करावं, पण असं हसू नये. "मला वाटलं होतं तिथेच ओळखाल," ती म्हणाली. "म्हणूनच तर नेला. गंमत. तुम्ही म्हणाल, अरे हा तर मीच! सगळे हसतील, मग मी हात वर करीन. बाईंना सांगूनही ठेवलं होतं. मग तुम्ही बोलायला लागलात."

"मग हात का नाही वर केलास?"

"कसा करणार? फोटो काढणाऱ्याला हा माणूस आवडत नसावा म्हणालात. मला तो आवडत होता."

चुकलं माझं, हे शब्द जिभेवर आले आणि त्याने ते मागे घेतले, कारण ते फार सोपे वाटले. कारखान्यात चुकीच्या गठ्ठ्यावर लाल खूण झाली की तो असंच म्हणे. "फोटो कुठे आहे?" त्याने विचारलं. तिने खणातून एक पाकीट काढलं. फोटोचे दोन तुकडे होते. दुकानातल्या कापड कापायच्या सुरीने, पट्टी लावून, तिने डावीकडचा काळोख अगदी सरळ कापला होता, त्याचे काटकोन जिथे टेकले होते बरोबर तिथून. मानेवरचा ओरखडाही काळ्या पेनाने ठिपके देऊन बुजवला होता. "तुम्ही म्हणालात तसं करून बघितलं. आता बरा दिसतोय ना?" हे ती टोमणा मारत म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं. पण ती खरंच विचारत होती, मान जरा तिरकी करून, शिकणाऱ्या माणसासारखी. आणि फोटो बरा दिसत नव्हता. एका डोक्याचा फोटो होता तो, कुणाच्याही. त्यातून ती निघून गेली होती.

"नाही," तो म्हणाला. "मी सांगितलं ते चूक होतं. हे पाठवू नकोस, कॅमेरा. राहू दे."

"राहू दे कशाला? उगाच?" तिने खोक्याची झाकणं मिटून बघितली, पुन्हा उघडली. "बरं, असं करा. पहिलं वाक्य सांगा. राहिलंय ना तुमचं? मला बरं वाटावं म्हणून नको, खरं असेल ते सांगा. मग ठरवते मी."

"सांगतो," तो म्हणाला. "थांब, नीट बघू दे." दोन्ही तुकडे घेऊन तो खिडकीशी गेला. काचेवर ते कडेला कड लावून धरले. उन्हामुळे कागद मागून उजळला, मधली चीर पांढरी दिसायला लागली. ती बुजावी म्हणून त्याने तुकडे हलके हलके सरकवले. प्रकाश चांगला पकडलाय, असं वाक्य आलं. ते त्याने टाकून दिलं. असलं तो कुणालाही म्हणाला असता. मांडणी धीट आहे. टाकून दिलं. मागे स्वयंपाकघरात भांडं वाजलं. काळोख रिकामा नाही, असं काहीतरी पुढे येत होतं, खरं होतं, पण अजून फिरवून घ्यायला हवं होतं. कपाची कड आणि खांदा यांच्यामध्ये केवढी जागा होती! तेवढ्या जागेत कुणीतरी उभं होतं. जवळ येऊ शकत होतं आणि आलं नव्हतं. हाक मारू शकत होतं, मारली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. सापडत होतं, अगदी ओठांशी होतं.

डावीकडे टेबलावर काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

"हं, एक मिनिट," तो म्हणाला.

ते वाक्य आता पुरतं जुळलं. हा फोटो वाट बघणाऱ्या माणसाने काढलाय, आणि ज्याची वाट बघतोय त्याच्यावर जराही न रागावता काढलाय. त्याने ते मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं, एक शब्द मागेपुढे केला. दरम्यान मागे कुठेतरी चिकटपट्टी ओढल्याचा लांबलचक आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. तो ते वाक्य घेऊन वळला. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर बंद केलेलं खोकं होतं, त्याच्या शेजारी कप, आणि चहावर साय धरली होती.